आळित्तेर : तिरुवारूरच्या रथाची वाटचाल

तमिळनाडूतल्या तिरुवारूरला त्यागराजाचा, म्हणजे शिवाचा, रथ निघायचा असला, की देवळाभोवतीच्या चारही रस्त्यांवरच्या विजेच्या तारा आधी उतरवाव्या लागतात. रथाची उंची ९६ फूट. त्यातले खालचे ३० फूट लाकूड, त्यावर बांबू आणि कापडाचा ४८ फुटांचा डोलारा, मग १२ फुटांचे विमान आणि टोकाला ६ फुटांचा कळस. सजलेल्या रथाचे वजन ३०० टनांच्या घरात जाते. पुढे झेप घेतलेले चार लाकडी घोडे, प्रत्येक ३२ फूट लांब. त्यांच्या पुढे मनगटाहून जाड दोरखंड, आणि ‘आरूरा, त्यागेशा’ असा गजर करत ते ओढणारी हजारो माणसे. तमिळ मुलखात या रथाला आळित्तेर म्हणतात. देवळांच्या गावांची एकेक शोभा सांगणारी एक जुनी म्हण तिकडे आहे. तिच्यात मन्नारगुडीच्या वाट्याला तिथली तटबंदी आली आहे आणि तिरुवारूरच्या वाट्याला रथ.

फोटोत येते ती वरची ६६ फुटांची शोभा. ती दरवर्षी बांधतात आणि उत्सव सरला की सोडवतात. बाकी वर्षभर उभे राहते ते खालचे ३० फूट. त्या लाकडावर थरावर थर देव कोरलेले असतात. रथ ओढला जातो त्या दिवशी कापडी तोरणांत आणि गर्दीत त्यांच्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. उत्सव नसताना दुपारच्या निवांत वेळी रथाला प्रदक्षिणा घातली तर मात्र ते एकेक करून दिसू लागतात. मला सांगायचे आहे ते या ३० फुटांबद्दल.

या रथाला संस्था म्हणायला मला संकोच वाटत नाही. त्याच्यामागे देवस्थानाच्या जमिनी होत्या, मानकरी होते, पिढीजात सुतार आणि लोहार होते, कोणत्या गावाने कोणते काम करायचे याची वाटणी होती. तो जळाला, पुन्हा बांधला गेला, बंद पडला, पुन्हा सुरू झाला. त्यातले आज डोळ्यांसमोर असलेले लाकूड शंभरेक वर्षांहून जुने नाही. तरीही गाव त्याला हजार-तेराशे वर्षांचा मानते, आणि तसे मानण्यात गावाचे काही चुकत नाही.

सातव्या शतकातल्या अप्पर या शैव संतकवीने तिरुवारूरच्या देवाचे गाणे गाताना आळित्तेराचा उल्लेख केला आहे. म्हणजे तेव्हाही इथे रथ होता आणि तो बाहेरच्या माणसाच्या नजरेत भरावा असा होता. दहाव्या शतकात चोळ राणी सेंबियन महादेवीने या आवारातले एक जुने देऊळ दगडात बांधून काढले. देवळाचे असे पक्के बांधकाम होत गेले, रथ मात्र लाकडाचाच राहिला. दगडाचा एक रथ देवळाबाहेर आहे, पण तो मनुनीती चोळाच्या कथेचा. राजपुत्राच्या रथाखाली वासरू सापडले, गाईने न्यायाची घंटा ओढली, आणि राजाने आपल्या मुलाला त्याच रथाच्या चाकाखाली घातले, ही ती कथा. रथाचा एवढा अभिमान असलेल्या गावाने चाकाखाली जाणाऱ्या जिवाचीही आठवण दगडात कोरून ठेवली आहे. रथाच्या पुढच्या इतिहासात चाकाचे भय पुन्हा पुन्हा येते, म्हणून ही कथा लक्षात ठेवण्यासारखी आहे.

मराठी वाचकाचा या रथाशी संबंध दूरचा नाही. तंजावरच्या भोसल्यांचे राज्य या कावेरीच्या खोऱ्यावर होते आणि तिरुवारूर त्यातच येत असे. १६८४ ते १७१२ या काळात गादीवर असलेले शहाजीराजे त्यागराजाचे निस्सीम भक्त होते. त्यांनी देवाच्या पालखीसेवेवर तेलुगूत ‘पल्लकी सेवा प्रबंधम्’ हे संगीतनाट्य रचले आणि त्यागेशाच्या नावाने कितीतरी पदे केली. मराठी नाटकाच्या इतिहासात ज्यांचे ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ अगदी आरंभी घेतले जाते, तेच हे शहाजीराजे. पुढे कर्नाटक संगीताचे तिन्ही महापुरुष, श्यामा शास्त्री, त्यागराज आणि मुथुस्वामी दीक्षितर, याच गावात जन्मले. तो काळ बहुतांशी भोसल्यांच्याच राज्याचा. त्यांतल्या त्यागराजांचे नावच या देवावरून ठेवलेले. दीक्षितरांची श्रीरागातली एक कृती देवळाच्या ध्वजारोहणाच्या उत्सवावर आहे. राजाने पदे केली, संगीतकाराने कृती केली; सुताराने जे केले ते मात्र निनावी राहिले.

त्या सुताराचे काम जवळून पाहू.

रथाचा पाया म्हणजे आस, चाके आणि त्यांवर आडव्याउभ्या जाड तुळयांचा सांगाडा. या सांगाड्यावर एकावर एक थर चढत जातात आणि वर जाताना प्रत्येक थर थोडा बाहेर झुकतो. त्यामुळे रथ खाली निमुळता आणि वर पसरलेला दिसतो. अगदी खालच्या थरात भूतगण असतात, पोट सुटलेले, गाल फुगवलेले, सगळा भार आपल्याच खांद्यावर आहे अशा आविर्भावात. त्यांच्यावर हत्ती, घोडेस्वार, याळी नावाचे सिंहमुखी काल्पनिक प्राणी, वादक, नर्तकी, कधी शिकारी, कधी मिथुने. कारागिराने भोवतालच्या जगात जे पाहिले तेही इथे येते. तमिळनाडूतल्या काही रथांवर टोपी घातलेले, बंदूक खांद्यावर घेतलेले गोरे शिपाईसुद्धा आहेत. त्याच्या वरच्या थरांत मोठ्या फळ्यांवर देव येतात. आणखी वर माणसांनी बसायची जागा, तिला नरासन म्हणतात. तिच्यावर देवासन, आणि सर्वांत वर देवाचे सिंहासन. उत्सवमूर्ती बसते ती तिथे. त्यागराजाचे तर एरवी मुखच तेवढे दिसते, बाकी मूर्ती फुलावस्त्रांत झाकलेली असते. पायांचे दर्शन वर्षातून दोन वेळाच, एक पाऊल मार्गळी या तमिळ महिन्यात आणि दुसरे पंगुनीत. रथावर मात्र हाच शिव शेकडो लोकांच्या डोळ्यांच्या उंचीवर, नखशिखान्त, वेगवेगळ्या रूपांत उभा असतो. आत झाकलेला देव बाहेर सगळ्यांसाठी उघडा, ही गोष्ट मला या शिल्पांत सगळ्यांत मोलाची वाटते. ज्यांना शतकानुशतके देवळात पाऊल टाकू दिले नाही, त्यांच्यासाठी देवाचे दर्शन म्हणजे रस्त्यावर आलेला हा रथच होता.

चोळमंडळातल्या शैव रथांवर काही रूपे हटकून भेटतात. त्यात त्रिपुरांतकाचा मान पहिला, कारण ती कथाच रथाची आहे. तीन पुरे जाळायला निघालेल्या शिवासाठी पृथ्वी रथ झाली, सूर्यचंद्र चाके झाले, चार वेद घोडे झाले, ब्रह्मदेव सारथी बसला, मेरूचे धनुष्य, वासुकीची दोरी आणि विष्णूचा बाण. निघताना गणपतीची पूजा राहिली आणि आस मोडली, अशी तिकडची कथा. ती जिथे मोडली असे मानतात त्या अच्चिरुपाक्कम गावी आजही देऊळ आहे. तिरुवारूरला रथोत्सवात पुढे गणपतीचा रथ, मग सुब्रह्मण्याचा, मग त्यागराजाचा आळित्तेर, त्यामागे अंबेचा आणि शेवटी चंडिकेश्वराचा, हा क्रम त्या कथेला धरूनच आहे. म्हणजे रथावर कोरलेली कथा आणि रथ ओढण्याची रीत ही एकमेकांना सांभाळून असतात.

दुसरे रूप भिक्षाटनाचे. दारुकवनात ऋषिपत्नींसमोर भिक्षा मागत फिरणारा दिगंबर शिव. दगडात आणि पंचधातूत तो आपण पाहिलेला असतो. लाकडात त्याची गंमत वेगळी. पायात खडावा, एक पाय पुढे पडलेला, कंबर किंचित कललेली. खाली सोडलेल्या हाताच्या बोटांकडे एक हरीण उडी घेते आहे, आणि दुसऱ्या बाजूला ठेंगणा भूत डोक्यावर भिक्षापात्र घेऊन धडपडत मागून येतो आहे. ही तीन शरीरे दीड-दोन फुटांच्या एका ठोकळ्यात बसवायची असतात. हरणाचे पुढचे पाय आणि शिवाची बोटे यांच्यामध्ये बोटभर पोकळी असते. ती पोकळी काढताना लाकडाचा दोरा उलटा लागला तर बोट तुटते आणि सगळा ठोकळा वाया जातो. म्हणून कसबी कारागीर आधी लाकूड फिरवून त्याच्या रेषा वाचतो, हात आणि पाय दोऱ्याच्या दिशेने येतील अशी आखणी करतो, आणि मगच पटाशी लावतो. प्रमाणे तालमानाची. मुखाची लांबी हे माप धरून देवाच्या देहाचे भाग पाडायचे, मोठ्या देवांना दहा ताल, इतरांना कमी. मधोमध एक सूत्र आखलेले असते आणि काम संपत येईपर्यंत ते पुन्हा पुन्हा आखले जाते, कारण प्रत्येक घावाबरोबर ते उडून जाते.

लाकूड कोणते, हेही ठरलेले. सांगाड्याला साग आणि वेंगै, म्हणजे आपला बिबळा. शिल्पांना इलुप्पै. इलुप्पै म्हणजे मोहाच्या जातीचे झाड. त्याच्या बियांचे तेल पूर्वी देवळातल्या दिव्यांना जाई. हे लाकूड चिवट, जड आणि कसर न लागणारे. ओले असताना त्यावर पटाशी चालते, वाळल्यावर ते लोखंडासारखे होते. कावेरीच्या मुखाकडच्या या सपाट प्रदेशात ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस झोडपून काढतो आणि एप्रिल-मेमध्ये ऊन भाजून काढते. अशा हवेत उघड्यावर उभे राहणारे शिल्प असल्याच लाकडात टिकते, आणि तेही कायमचे नाही.

रथ एकसंध कोरलेला नसतो. प्रत्येक शिल्प वेगळ्या ठोकळ्यात किंवा फळीत घडवतात आणि साळ-कुसूने, खुंट्यांनी सांगाड्यात बसवतात. एक फळी कुजली तर ती काढून तिच्या जागी दुसरी घालता येते. बांधकामाची ही पद्धत रथाच्या आयुष्याचे रहस्य आहे. सांगाडा टिकतो तेव्हा शिल्पे एकेक करून बदलतात, शिल्पे टिकतात तेव्हा सांगाडा बदलतात, आणि सगळे मिळून रथ तोच राहतो. हे चालू राहायला एकच गोष्ट लागते. काढलेल्या फळीसारखी फळी घडवणारा माणूस हाकेच्या अंतरावर असला पाहिजे.

हे किती खरे आहे याची परीक्षा १९२६ च्या सुमारास झाली. तेव्हा लागलेल्या आगीत जुना आळित्तेर जळून गेला. मोहाचे लाकूड, बांबू, कापड, सगळे एकत्र. वाचण्यासारखे काही नव्हतेच. दगडी देऊळ जळत नाही, पंचधातूची मूर्ती आगीतून काढता येते. लाकडी रथ गेला की पिढ्यांचे कोरीवकाम काही तासांत राख होते. पण त्यानंतर जे झाले ते मला आगीपेक्षा महत्त्वाचे वाटते. १९३० मध्ये नवा रथ रस्त्यावर आला. चारेक वर्षांत एवढे लाकूड गोळा झाले, सांगाडा उभा राहिला, शिल्पे कोरली गेली. याचा अर्थ त्या वेळी परिसरात असे कारागीर पुरेशा संख्येने होते, त्यांच्या डोक्यात देवांची ध्याने होती, हातात मापे होती. रथ जळाला, संस्था जळाली नाही. आज आपण पाहतो तो रथ मूळचा त्याच कामाचा.

नंतरची पडझड आगीने नाही, शांतपणे झाली. १९४८ नंतर आळित्तेर निघेनासा झाला. लाकडी चाकांचा, ब्रेक नसलेला एवढा डोंगर वळणावर आवरणे दरवर्षी अधिक धोक्याचे होत चालले होते. त्याहून मोठे कारण मला शेतीच्या व्यवस्थेत दिसते. हा रथ ओढायला गावोगावची माणसे येत, त्यांतली बरीचशी मिरासदारांच्या शेतांवर राबणारी, बोलावले की यावेच लागणारी. जमीनदारीला कायद्याने धक्का बसला, मजूर संघटित होऊ लागले, आणि हुकमी हात संपले. ते संपले हे चांगलेच झाले. पण त्यांच्या जागी आपखुशीने येणारे हात कसे आणायचे याचे उत्तर देवस्थानाजवळ लगेच नव्हते. तमिळनाडूत इतरत्रही रथ असेच थांबले. मोठमोठे रथ चौकात उभे राहून झिजले, त्यांच्या चाकांवर गवत उगवले.

थांबलेल्या रथाची शिल्पे सुटी होतात. साळ-कुसूने बसवलेली फळी जशी दुरुस्तीसाठी काढता येते तशीच विकण्यासाठीही काढता येते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दक्षिणेतल्या रथांचे कोरीव तुकडे जुन्या वस्तूंच्या दुकानांत येऊ लागले, तिथून मुंबई-दिल्लीच्या दिवाणखान्यांत आणि परदेशांत गेले. चेन्नईतल्या एग्मोरच्या सरकारी संग्रहालयात लाकडी शिल्पांचे दालन आहे. तिथे निदान ती एकत्र पाहता येतात. पण खूप तुकडे कोणत्या गावचे, कोणत्या रथाच्या कोणत्या बाजूचे, हे आता सांगता येत नाही. हरणाशिवायचा भिक्षाटन, वाहनाशिवायचा देव, एका कथेतली मधलीच एक फळी. या काळात काही अभ्यासकांनी मनावर घेतले. राजू कालिदोस यांनी गावोगाव फिरून तमिळ रथांचा अभ्यास केला आणि १९८९ मध्ये त्यावर ग्रंथ काढला. मुंबईच्या ‘मार्ग’ प्रकाशनाने १९९२ मध्ये जॉर्ज मिशेल यांच्या संपादनाखाली दक्षिण भारतातल्या काष्ठशिल्पांवर एक देखणे पुस्तक केले. भारतीय कलेच्या इतिहासात दगड आणि धातू यांना जेवढी पाने मिळतात त्याच्या दशांशही लाकडाला मिळत नाहीत; त्यामुळे अशा दोन-चार पुस्तकांचे ऋण मोठे आहे.

तिरुवारूरचा रथ पुन्हा हलला तो १९७० मध्ये. मुख्यमंत्री होते एम. करुणानिधी. ते याच भागातले, शाळा शिकले तिरुवारूरलाच. द्रविड चळवळीत वाढलेल्या, देव न मानणाऱ्या नेत्याने गावचा रथ चालू केला, ही गोष्ट तिथले लोक आजही कौतुकाने सांगतात. रथाकडे देवाचे वाहन म्हणून पाहावे की तमिळ शिल्पकलेचा ठेवा म्हणून, हा वाद तिथे रथाने स्वतःच मिटवला; दोन्ही बाजूंची माणसे एकाच दोराला लागली. तिरुचिरापल्लीच्या भेल कारखान्याने रथाला लोखंडी चाके, आस आणि हायड्रॉलिक ब्रेक बसवून दिले. मागून बुलडोझर ढकलू लागले. काहींना हे रुचत नाही. मला यात वावगे काही दिसत नाही. वरचे देव लाकडाचे राहावेत आणि खालची माणसे जिवंत राहावीत यासाठी चाक लोखंडाचे झाले तर बिघडले काय? रथ शास्त्रात सांगितल्यासारखा राहिला नाही म्हणणाऱ्यांनी जुन्या रथाखाली सापडलेल्यांचा हिशोबही मांडायला हवा.

यंत्रे आली तरी रथ वळवण्याचे काम माणसाच्या हातातच आहे. या रथाला सुकाणू नाही. चाकाच्या पुढे योग्य क्षणी, योग्य कोनात लाकडी ठोकळा टाकायचा आणि रथाची दिशा बोटभर बदलायची. खानदेशात रथाला मोगरी लावणारे जे करतात तेच हे काम. जळगावला १८७२ पासून कार्तिकी एकादशीला श्रीरामाचा रथ निघतो. तिथे मोगरीवाल्यांचा मान किती असतो हे ज्याने पाहिले आहे, त्याला तिरुवारूरच्या ठोकळेवाल्यांची योग्यता सांगावी लागणार नाही. फरक वजनाचा. आळित्तेर कोपऱ्यावर वळवताना चाकांखाली लोखंडी पत्रे टाकून त्यांवर ग्रीस ओततात आणि ३०० टनांचा रथ त्यावरून घसरवत फिरवतात. तेवढ्या वेळात सगळी गर्दी श्वास रोखून त्या ठोकळेवाल्यांकडे पाहत असते.

१९७० चे दशक या रथाला आणखी एक मान देऊन गेले. चेन्नईत तमिळ कवी तिरुवळ्ळुवरांचे स्मारक म्हणून ‘वळ्ळुवर कोट्टम’ उभारले, त्याचा नमुना तिरुवारूरचा रथ. ते १९७६ मध्ये खुले झाले. हा दगडी रथ सुमारे १२८ फूट उंच आहे आणि तो घडवणारे स्थपती व्ही. गणपती. मामल्लपुरमच्या सरकारी शिल्प-वास्तू महाविद्यालयाची धुरा त्यांनी दीर्घकाळ वाहिली. १९५७ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेत दगड आणि धातू यांच्याबरोबर लाकडातले शिल्पही शिकवतात. वडील-मुलगा या वाटेने चाललेली विद्या वर्गात आली, जात न पाहता आली, मुलींनाही ती खुली झाली. रथाच्या वाटचालीत ही घटना मला हायड्रॉलिक ब्रेकइतकीच मोठी वाटते.

दोराचा प्रश्न मात्र सगळीकडे इतक्या सहज सुटलेला नाही. शिवगंगै जिल्ह्यातल्या कंडदेवीला रथाचा दोर कुणी ओढायचा यावरून १९९० च्या दशकाच्या अखेरीस वाद पेटला. दलितांनी दोर धरण्याचा हक्क मागितला, गावच्या पुढारी जातींनी तो नाकारला, प्रकरण न्यायालयात गेले आणि रथ वर्षानुवर्षे जागचा हलला नाही. २०२४ मध्ये कडक पोलीस बंदोबस्तात तो ओढला गेला. ज्या लाकडावर सगळे देव सगळ्यांसाठी उघडे कोरलेत, ते लाकूड ओढायला पोलीस उभे करावे लागतात हे मनाला लागते. तरी रथ जागच्या जागी कुजण्यापेक्षा बंदोबस्तात का होईना, सगळ्यांच्या हाताने निघाला हे बरे झाले.

दुसरा धडा एप्रिल २०२२ चा. तंजावरजवळ कळिमेडू गावात अप्परच्या उत्सवात रथाचा वरचा भाग उच्च दाबाच्या तारेला लागला आणि ११ जणांचा जीव गेला. त्यांत मुलेही होती. रथाच्या उंचीची हौस आणि रस्त्यावर वाढत गेलेल्या तारा यांचा मेळ न घातल्याचा हा परिणाम. तिरुवारूरला तारा उतरवण्याची जी शिस्त आहे ती लहान गावांच्या लहान रथांनाही लागायला हवी.

गेल्या पंधरा वर्षांत चांगल्या गोष्टीही घडल्या आहेत. आळित्तेर काही वर्षे दुरुस्तीसाठी थांबला, झिजलेले लाकूड बदलले गेले, आणि तो पुन्हा चार रस्त्यांवर फिरू लागला. तंजावरच्या बृहदीश्वराच्या मोठ्या देवळाचा रथोत्सव सुमारे शंभर वर्षे बंद होता. तिथे नवा लाकडी रथ घडवून २०१५ च्या एप्रिलमध्ये तो जुन्या राजवाड्याभोवतीच्या रस्त्यांवरून ओढण्यात आला. ज्या देवळाच्या भिंतीवर दुसऱ्या सरफोजीराजांनी भोसल्यांचा वंशेतिहास मराठीत कोरून घेतला, त्याच देवळाचा हा रथ. भोसले घराण्याचे वारस आजही या देवळाचे वंशपरंपरागत विश्वस्त आहेत. नव्या रथावर कोरीव फळ्या नव्याने घडवाव्या लागल्या, म्हणजे त्या घडवणारे हात मिळाले.

ते हात येतात कुठून? बरेचसे सेलम जिल्ह्यातल्या तम्मंपट्टीहून, पेरंबलूर जिल्ह्यातल्या अरुंबावूरहून, कळ्ळकुरिचीहून. अरुंबावूरला कुठल्याशा देवळाचा रथ घडवायला आलेली सुतार कुटुंबे तिथेच राहिली आणि त्यातून गावाचा धंदा उभा राहिला, असे तिथले लोक सांगतात. या तिन्ही ठिकाणच्या काष्ठशिल्पांना अलीकडच्या काही वर्षांत भौगोलिक मानांकन मिळाले आहे. मानांकनाने बाजार वाढतो, ते हवेच. पण बाजाराला हवा असतो दिवाणखान्यातला गणपती, दशावताराची फळी, दारावरची गजलक्ष्मी. त्याला शिरीषाचे किंवा विलायती शिरीषाचे हलके लाकूड चालते आणि काम दोन-तीन आठवड्यांत हातावेगळे होते. रथाच्या कामाला मोहाचे किंवा सागाचे जाडजूड ओंडके लागतात, ते मिळेनासे झालेत. शिवाय भिक्षाटन, गजसंहार, ऊर्ध्वतांडव अशी रूपे लागतात. त्यांना गिऱ्हाईक नाही, म्हणून ती हाताच्या सवयीतून जातात. कोरणारा कुशल असूनही गजसंहार कोरायची वेळ दहा वर्षांत एकदाही न येणे, ही या कलेपुढची खरी अडचण आहे.

म्हणून दरवर्षी नवे रथ बांधण्याच्या सरकारी घोषणा मला मनापासून आवडतात. त्यांतला प्रत्येक रथ कोण्या कारागिराला त्याची विसरत चाललेली ध्याने पुन्हा कोरायला लावतो. आपल्याकडेही लाकडी रथ घडतात. गोव्यात मंगेशीला आणि कवळ्याच्या शांतादुर्गेला माघातल्या जत्रेत रथ निघतो. तासगावला परशुरामभाऊ पटवर्धनांनी दक्षिणी धर्तीचे गोपुर बांधले, तिथे ऋषिपंचमीला गणपतीचा रथ निघतो. इथल्या रथांवरचे कोरीवकाम दक्षिणेइतके दाट नाही, पण दुरुस्तीचे प्रश्न तेच आहेत आणि सुतारही तितकेच कमी उरलेत.

तिरुवारूरच्या देवस्थानाकडे आणि देवस्थान चालवणाऱ्या धर्मादाय खात्याकडे माझे मागणे साधे आहे. रथाच्या प्रत्येक फळीला क्रमांक द्यावा, तिचा फोटो आणि मापे नोंदवावीत, लाकूड कोणते ते लिहावे. जुनी फळी काढली तर ती कुजली म्हणून फेकून देऊ नये. तंजावरच्या कलादालनात पंचधातूच्या मूर्तींसाठी जागा निघाली, तशी हिच्यासाठीही निघावी. आणि नवी फळी बसवताना तिच्या पाठीमागे, जिथे ती सांगाड्याला टेकते तिथे, कोरणाऱ्याचे नाव, गाव आणि साल लिहून ठेवावे. १९३० चा रथ घडवणाऱ्यांची नावे आपल्याला नीट ठाऊक नाहीत. यापुढच्या कारागिरांबाबत तसे होऊ देण्याचे काही कारण नाही. त्याला खर्च येतो तो एका लहान पटाशीचा आणि अर्ध्या तासाचा.